मधोमध झिजलेला झेंडा

दिगंबरराव कारखानीस येणार म्हटलं की कलकत्त्यातल्या मराठी घरांतल्या बायका कानातल्या मोत्यांच्या कुड्या काढून ठेवत, केशराची डबी डाळीच्या डब्यामागे सारत आणि नवी साडी नेसली असेल तर बदलून जुनी नेसत. बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता. दिगंबरराव कस्टम हाऊसमध्ये अप्रेझर होते. बोटीतून उतरलेला माल खरा की खोटा, रेशीम की नुसती रेशमाची ऐट, हे सांगण्याचा सरकार त्यांना पगार देई, आणि रविवारी हेच काम ते फुकट करत. कुणाच्या लेकीच्या शालूचा पदर त्यांनी दोन बोटांत धरला की संपलंच. जर चोळायची, नाकाशी न्यायची, मान हलवायची आणि म्हणायचं, “खोटं.” पुढे लग्नघरात जे व्हायचं ते होई.

शब्द तोंडातून सुटला की आपण गाढवपणा केला हे त्यांना कळे. पण सुटल्यावर. परतीच्या ट्राममध्ये ते स्वतःला मनातल्या मनात शिव्या घालत: अरे शहाण्या, तुला विचारलं होतं का कुणी? शेजारी बसलेल्या शकुनताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, खिडकीबाहेर बघत म्हणत, “एवढ्या जन्मात एकदा तरी कशाला खरं म्हणालात का हो? माझ्या मंगळसूत्रालासुद्धा नाही.”

यावर दिगंबररावांकडे उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. खरा माल त्यांच्या टेबलावर यायचाच नाही. खऱ्यावर शंका कोण घेणार? तो थेट बाजारात जायचा. जगातली सगळी भेसळ तेवढी चाळून-गाळून सरकार त्यांच्यापुढे आणून ठेवी आणि म्हणे, बघा बुवा. एकदा, फक्त एकदा, हातात असं काही यावं की छाती पुढे काढून ‘खरं’ म्हणता यावं, एवढी एकच हौस त्या माणसाला उरली होती. वय पन्नाशी ओलांडून गेलं होतं, आणि हौस होती तशीच होती.

चौपन्न साली इथल्या मराठी लोकांच्या मंडळाने ती पुरवायचं मनावर घेतलं. मंडळाचं नाव सांगत नाही, त्यातली माणसं अजून आहेत आणि रागीट आहेत. अध्यक्ष होते शरच्चंद्रराव पानसे. यांचे आजोबा कलकत्त्याला आले, वडील इथे वाढले, हे स्वतः इथेच जन्मले आणि ज्यूटच्या गिरण्यांना यंत्रांचे सुटे भाग विकून गब्बर झाले. पुण्याला आयुष्यात एकदोनदाच गेलेले, पण पेशवाईवर असे बोलत की शनिवारवाडा यांच्याकडून भाड्यानेच घेतला होता पेशव्यांनी. दसऱ्याला मंडळात शस्त्रपूजन होई. पूजेला शस्त्रं कुठली? एक गुरखा कुकरी, एका सभासदाची शिवणाची कात्री आणि खुद्द पानशांचा भला मोठा पाना. गेल्या दसऱ्याला नागपूरहून आलेल्या पाहुण्यांनी त्या पान्याकडे बघून “हे कुठल्या घराण्याचं?” असं विचारलं, तेव्हापासून पानशांना झोप नव्हती.

“कारखानीस,” ते म्हणाले, “यंदा पूजेला खरा झेंडा हवा. अस्सल मराठी फौजेचा. पारख तुमची, थैली मंडळाची.”

दिगंबररावांची जन्माची हौस दारात येऊन उभी राहिली होती. तोंडावर मात्र त्यांनी कस्टम हाऊस आणलं. “बघू,” म्हणाले.

इंग्रज पलटणी फोर्ट विल्यम सोडून गेल्या तेव्हा मागे जे काही उरलं ते एस्प्लनेडच्या मागच्या गल्ल्यांतल्या दुकानांत येऊन पडलं होतं. बटणं, बिगुल, फुटके ढोल, आणि झेंडे. मराठ्यांचा झेंडा पाहिजे म्हटल्यावर दुकानदार कशाला नाही म्हणतील? आज नाही तर उद्या या, आणून ठेवतो. दुसऱ्या दिवशी जावं तर झेंडा तयार. भगवा, जरा मळका, कडेला फाटका, आणि दुकानदार डोळ्यांत पाणी आणून सांगतोय की साहेब, हा तर लढाईतला आहे. दिगंबरराव झेंड्याचा कोपरा उचलत आणि सरळ चाटत. पानसे पहिल्यांदा एवढे दचकले की मागच्या ढोलावर बसले.

“चहा,” दिगंबरराव जाहीर करत. “चहाच्या पाण्यात भिजवून कापड म्हातारं केलंय. साखर नव्हती, एवढं नशीब.”

एका झेंड्यावर काठापाशी गिरणीचा शिक्का निघाला. एक शिवणयंत्रावर शिवलेला होता, आणि दुकानदाराचं म्हणणं असं की मराठे त्या बाबतीत फार पुढारलेले होते. दिगंबरराव ‘खोटं’ म्हणत गेले, पानशांचा चेहरा उतरत गेला, आणि दिगंबररावांना वाटायला लागलं की आपल्या कपाळी हाच एक शब्द गोंदवून देवाने पाठवलंय. वर जिभेला फोड आले ते वेगळेच. झेंडे चाटून आजारी पडलेला मराठ्यांच्या इतिहासातला पहिला माणूस मीच असणार, असं त्यांनी स्वतःशी नोंदवून ठेवलं.

मग पानशांच्या एका बंगाली गिऱ्हाइकाने सांगितलं, बालीगंजला अनादि रायचौधुरी म्हणून आहेत, मूळचे बर्द्वानकडचे जमीनदार, त्यांच्याकडे बर्ग्यांचा झेंडा आहे आणि ते विकताहेत.

बर्गी म्हणजे कोण? बर्गी म्हणजे आपण. दोनशे वर्षांपूर्वी नागपूरकर भोसल्यांचं घोडदळ चौथाई वसूल करायला बंगालमध्ये आलं आणि पुढची दहाएक वर्षं येतच राहिलं. आपल्या पुस्तकांत त्याला बंगालवरच्या स्वाऱ्या म्हणतात. बंगालमध्ये काय म्हणतात ते तिथल्या आया रडणाऱ्या पोराला झोपवताना सांगतात. ‘झोप, नाहीतर बर्गी येईल.’ दिगंबरराव बदली होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात घरमालकाचा नातू त्यांना जिन्यात बघून किंचाळून पळाला होता, आणि त्यांना वाटलं होतं, आपल्या मिशीला.

रविवारी सकाळी दोघं बालीगंजला गेले. ट्राममध्ये पानशांनी बजावलं, “हे बघा, खरा असला तरी तिथे खरा म्हणायचं नाही. भाव चढतो. नुसतं ‘बघू’ म्हणायचं.” शालूच्या वेळी ही अक्कल आपल्याला का नाही सुचली, असा विचार दिगंबररावांच्या मनात येऊन गेला.

अनादिबाबू साठीचे, गोरे, धोतराचा सोगा हातात धरून चालणारे, बोलायला अघळपघळ. जमीनदारी कायद्याने गेली, गावचं घर पडलं, आता या मजल्यावर सगळं खानदान आणि खानदानाचं सामान दाटीवाटीने राहत होतं. त्यांनी लोखंडी पेटीतून कडुलिंबाच्या वाळक्या पाल्यात गुंडाळलेलं कापड काढलं आणि पलंगावर पसरलं. दोन शेपट्यांचा झेंडा, कडेने जरीची पट्टी. रंग बिस्किटासारखा पडलेला.

“माझं म्हणाल तर,” अनादिबाबू हसून म्हणाले, “हा कुठल्यातरी जात्रावाल्यांचा असावा. गावोगाव नाटकं करत फिरतात ना, त्यांचा. पण घरात गोष्ट अशी की बर्गी आले आणि आमच्या पूर्वजांनी लाठ्या घेऊन त्यांना पळवून लावलं, तेव्हाचा हा.”

पानसे खाकरले. दिगंबररावांनी भिंग काढलं.

आधी अर्थातच चाटला. अनादिबाबूंच्या घरातली चारसहा माणसं दारात गोळा झाली होती, ती हे बघून मागे सरली. चहा नव्हता. धूळ होती, माती होती, जुनी, कडवट. मग टाके बघितले. हाताचे, वाकडेतिकडे, दोऱ्याला हाताने दिलेला पीळ. जर काळी पडलेली होती, हिरवी नव्हे, म्हणजे आत चांदी, तांबं नाही. एक सुटा धागा काडीवर धरला तर केस जळल्याचा वास आला आणि मागे चांदीचा बारीक मणी राहिला. शेवटी त्यांनी शिवणीची घडी नखाने हळूच उलटली. आत, जिथे दोनशे वर्षांत ऊन पोचलं नव्हतं, तिथे कुसुंब्याचा रंग जिवंत होता. इतका ताजा, जणू आत्ता रंगाऱ्याच्या पिंपातून काढलाय. चहात बुडवून हे होत नाही. कुठल्या जात्रावाल्याची ऐपत नाही अशी जर लावायची. ‘खरं’ हा शब्द त्यांच्या घशाशी येऊन बसला.

आणि मग, सवय जाते कुठे, त्यांना खोट सापडली.

“हे काय?” ते म्हणाले. “झेंडा वाऱ्याने झिजतो. कडेने झिजतो, शेपटापाशी झिजतो. हा कडेला धड आहे आणि मधोमध विरलाय. असं कसं? असं तर...” ते थांबले. असं तर पायपुसणं झिजतं, हे वाक्य जिभेवर आलं होतं.

अनादिबाबू कानापर्यंत लाल झाले. धोतराचा सोगा त्यांनी या हातातून त्या हातात घेतला. “त्याचं काय आहे, कारखानीसबाबू,” ते म्हणाले, “राग मानू नका. आमच्याकडे पूजेत, विजयादशमीला, हा दारात पसरायची चाल आहे. घरच्या बायका, मुलं, सगळी... म्हणजे... पाय पुसून आत येतात. वर्षातून एकदाच हो! एरवी पेटीत.”

पानशांच्या चेहऱ्यावरून सगळी पेशवाई वाहून गेली. आणि दिगंबररावांनी काय करावं? हा माणूस आनंदाने उडालाच. आपल्या बापजाद्यांच्या झेंड्याला लोक दोनशे वर्षं पाय पुसताहेत हे ऐकून हर्ष झालेला जगाच्या पाठीवर तो एकटाच मराठी माणूस असेल. का? तर म्हणे झीज जुळली! एवढी एकच गोष्ट अडत होती, ती सुटली. खोटं करणारा माणूस कडेला फाडतो, मधोमध पाय पुसून ठेवायची कल्पना कुणा लबाडाला सुचणार आहे?

“मग तर हा...” त्यांनी तोंड उघडलं. पानशांनी त्यांच्या पावलावर आपलं पाऊल दिलं, आणि पानशांचं वजन सगळ्या मंडळाला माहीत होतं.

“बघू,” दिगंबरराव कळवळून म्हणाले.

पसंत पडला तर घेऊ, या बोलीवर झेंडा घरी आला. शकुनताईंनी पाट मांडला, वर झेंडा ठेवला, समई लावली आणि कुंकवाचं बोट पुढे केलं, तसे दिगंबरराव ओरडले, “अगं, डाग पडेल!” मग त्यांनी मधल्या झिजेची हकीकत सांगितली. शकुनताईंचं बोट हवेतच राहिलं.

“अगंबाई! मग आधी रिठ्याच्या पाण्यातून काढून घेऊ का?”

“हात लावू नकोस! ती धूळ आहे म्हणून तो खरा आहे.”

“काय म्हणालात?” शकुनताईंनी विचारलं. “पुन्हा म्हणा.”

“खरा आहे,” दिगंबरराव म्हणाले. शकुनताई समईची वात पुढे सारून म्हणाल्या, “बरं झालं बाई. एकदाचं निघालं तोंडातून.” ती सगळी संध्याकाळ दिगंबरराव त्या पाटापुढे मांडी घालून बसले होते. जेवायला तीनदा हाक मारावी लागली.

कुठल्याशा घोडेस्वाराच्या भाल्याच्या दांड्याने आतून घासलेली ती झेंड्याची नळी त्यांनी बोटाने चाचपून बघितली. नर्मदा, महानदी, सुवर्णरेखा ओलांडून आलेलं कापड. हे मंडळात राहिलं पाहिजे, पोरांनी बघितलं पाहिजे, असं त्यांना फार वाटलं. मनातून आणखी एक वाटत होतं, तेही कबूल केलं पाहिजे: शेजारी एक चिठ्ठी असावी, ‘पारख: दि. कारखानीस’.

मंडळाच्या सभेत झेंडा मांडायचा होता. त्याआधी पानशांनी त्यांना बाजूला घेतलं. “तुम्ही पारखीच्या दाखल्यात एवढंच लिहा, रणांगणावर झिजलेला. बाकीचं कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“पण रणांगणावर मधोमध झिजत नाही.”

“मंडळात कुणाला कळतंय?”

“मला कळतंय ना,” दिगंबरराव म्हणाले. त्यात बाणेदारपणा काही नव्हता. आयुष्यभर खोटं हुडकलेला माणूस, खोटा दाखला लिहायला त्याचा हातच वळेना, एवढंच.

सभा भरली. झेंडा टेबलावर होता. लोक उठून उभे राहिले, कुणी नमस्कार केला, पानशांच्या मातोश्रींनी तर पदर पसरला. दिगंबररावांनी टाके सांगितले, जर सांगितली, कुसुंब्याचा रंग सांगितला, आणि प्रत्येक वाक्याला टाळ्या पडल्या. तिथेच थांबून खाली बसले असते तर जन्माचं सोनं झालं असतं. पण हात दाखवून अवलक्षण करून घेणाऱ्याला कोण अडवणार? “आणि मुख्य पुरावा,” ते म्हणाले, “म्हणजे ही मधली झीज,” आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. आपण इथे लुटायला आलो होतो. झेंडा मागे राहिला. या लोकांनी दोनशे वर्षं त्याला पाय पुसले. म्हणून तो अस्सल.

मग जो काही गोंधळ झाला तो विचारू नका. पानशांच्या मातोश्रींनी पसरलेला पदर झटकला. कुणी म्हणालं, अपमान. कुणी म्हणालं, कारखानीस सरकारी नोकर, यांना अभिमान कुठून असणार? तेवढ्यात गुरुदत्त आठल्ये उभे राहिले. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, वकिलीची परीक्षा दिलेले, प्रत्येक सभेत उभे राहणारे.

“भावनेच्या भरात जाऊ नका,” ते म्हणाले. “तर्काने बघू. हा झेंडा खरा असेल तर आपण तो टाकून पळालो. बरोबर? मराठा झेंडा टाकून पळत नाही. बरोबर? मग हा मराठ्यांचा नाही. मराठ्यांचा नाही, तर खोटा!”

टाळ्यांचा कडकडाट. पडलो तरी नाक वर, म्हणतात ना, ते हेच. हात वर करून मत घेतलं आणि झेंडा खोटा ठरला. वर ठराव असा झाला की श्री. कारखानीस यांनी आपल्या नेहमीच्या काटेकोर नजरेने खोटा माल हुडकून मंडळाची फसवणूक टाळली, याबद्दल सभा त्यांची आभारी आहे. बडाबाजारातून नवा कोरा झेंडा शिवून आणायचं ठरलं, रुंद जरीचा. ती जर कसली होती ते दिगंबररावांना लांबूनच दिसलं, पण त्यांना कुणी विचारलं नाही आणि जन्मात पहिल्यांदाच त्यांनीही सांगितलं नाही.

घरी आल्यावर ते शकुनताईंना म्हणाले, “आपणच घेऊ या का?”

“घ्या,” शकुनताई लगेच म्हणाल्या. “माझ्या बांगड्यांतली एखादी मोडा. त्या खोट्या नाहीत असं निदान सोनार तरी म्हणतो.”

म्हणून पुढच्या रविवारी दिगंबरराव झेंडा परत द्यायला नव्हे, मागायला निघाले. काखेत कडुलिंबाच्या पाल्यातलं गाठोडं होतं. ट्राममध्ये ते मनाशी बंगाली वाक्यं घोकत होते, कारण त्यांची बंगाली गोदीतल्या हमालांकडून शिकलेली, आणि त्या बंगालीत सभ्य माणसाकडे काही मागता येत नाही. हा झेंडा आपल्याच घरी येणार, असं त्यांचं मन सारखं म्हणत होतं. भिंतीवर जागाही ठरवून झाली होती.

अनादिबाबूंनी त्यांना जिन्यातच गाठलं. “मंडळाचं कळलं मला. तुम्हाला हवाय? छान झालं, भावाचं काय, तुम्ही द्याल ते. फक्त एक करा,” त्यांचा आवाज खाली आला. “आमची नीहारपिशी, म्हणजे माझी आत्या, काशीहून परत आली आहे. विकायला तिची हरकत नाही, पण तिने मागेच अट घातली होती: आधी जाणत्याला दाखव, खोटा निघाला तर विक. मी तर लहानपणापासून सांगतोय, जात्रावाल्यांचा आहे. तुम्ही एवढंच म्हणा, खोटा आहे. कस्टमचे अप्रेझर म्हणताहेत म्हटल्यावर संपलं. झेंडा तुमचा.”

एवढंच? दिगंबररावांना हसूच फुटलं. अहो, जन्मभर दुसरं केलंय काय! लोकांचे शालू, मोती, केशर, कस्तुरी सगळ्यांना जो शब्द न मागता वाटला तो आज कुणी मागतोय, आणि बदल्यात हा झेंडा मिळतोय. याहून सोपा सौदा देवालाही जुळवता आला नसता.

पिशी आतल्या खोलीत तक्तपोशावर, म्हणजे लाकडी पलंगावर, बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, पांढरं लुगडं, केस बारीक कापलेले. त्यांनी गाठोडं मांडीवर घेतलं पण उघडलं नाही.

“बस, बाबा. तू बर्ग्यांच्या देशाचा?”

“हो,” दिगंबरराव म्हणाले.

“या अनादिने तुला लाठ्यांची गोष्ट सांगितली असेल.”

“सांगितली.”

“लाठ्याबिठ्या कुणी घेतल्या नव्हत्या. पुरुष सगळे आधीच पळाले होते.” अनादिबाबूंनी छताकडे बघितलं. पिशी सांगत राहिल्या, काही विशेष न सांगितल्यासारखं. “घरात एक सून राहिली होती, बाळंतीण. धान्याची कोठारं पेटवली तेव्हा ती पोराला घेऊन मागच्या तळ्यात उतरली. कमळाच्या पानांखाली, नाकापर्यंत पाण्यात. पोर रडू नये म्हणून त्याच्या तोंडावर हात धरला. घोडे निघून गेले, तेव्हा तिने हात काढला. पोर रडलं नाही. पुढे कधीच रडलं नाही. ती वर आली तेव्हा काठाच्या चिखलात हे कापड पडलेलं होतं. लुटीच्या ओझ्याने लादलेल्या कुठल्यातरी घोड्यावरून घसरलेलं. तिने ते उचललं आणि घराच्या दारात टाकलं. बस. बाकीच्या सगळ्या गोष्टी पुरुषांनी मागाहून केल्या.”

दिगंबररावांना सभेतलं आपलं भाषण आठवलं. ‘मुख्य पुरावा म्हणजे ही झीज’, असं आपण बोट नाचवून म्हणालो होतो. टाके मोजले, जर जाळून बघितली, कापड चाटलं, आणि ते दारात टाकणारी बाई कोण हे विचारायचं काही सुचलं नाही. थू तुझ्या पारखीवर, त्यांनी स्वतःला म्हटलं.

“मी लहानपणापासून त्याला पाय पुसत आले,” पिशी म्हणाल्या. “पण हा अनादि म्हणतो, नाटकवाल्यांचं कापड आहे. तसं असेल तर तळंही नाटकातलं, ती सूनही आणि ते पोरही. मग काय, घेऊन जा, मला काही नको त्याचं. तू जाणता आहेस म्हणतात. सांग, हा खरा की खोटा?”

अनादिबाबूंनी आत्याच्या पाठीमागून मान हलवून खूण केली. म्हणा.

दिगंबररावांनी तोंड उघडलं. शब्द तयार होता, घासून गुळगुळीत झालेला. तो म्हटला असता तर या म्हातारीच्या मनावरचं एक ओझं उतरलं असतं, अनादिबाबूंची पेटी रिकामी झाली असती, शकुनताईंची बांगडीसुद्धा वाचली असती, आणि झेंडा संध्याकाळपर्यंत भिंतीवर गेला असता. कुणाचं काही बिघडत नव्हतं. फक्त ते पोर बुडत होतं, पुन्हा एकदा.

“खरा आहे,” ते म्हणाले.

“कुणाचा?”

“आमचा,” दिगंबरराव म्हणाले, आणि कुणी कानफटात मारावी तसं त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. “आमच्याच लोकांचा आहे, पिशी. शंकाच नाही.”

पिशींनी गाठोड्याची सैल झालेली गाठ पुन्हा आवळून बांधली. “असं येऊन म्हणणारा तूच पहिला,” त्या म्हणाल्या. “आता हा कुठे जायचा नाही. खऱ्या वस्तू विकतात का कुठे?”

अनादिबाबूंनी कपाळावर हात मारून घेतला. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि धुपाटणंसुद्धा पिशींनी मांडीवर ठेवून घेतलं. मंडळाने खरा म्हणालो म्हणून नाकारला, आणि इथे खरा म्हणालो म्हणून मिळाला नाही. जन्मात एकदा खरं बोललो तर ही गत! दिगंबररावांना रडता रडता हसू यायला लागलं, आणि ते बघून पिशींनाही जरा हसू आलं.

“या दशमीला दारात टाकायचा की नाही, ते मी बघेन,” त्या म्हणाल्या. “तू तुझ्या बायकोला घेऊन जेवायला ये.”

येतो म्हणून दिगंबरराव उठले. पण नुसतं उठून जावं असं त्यांना वाटेना. काहीतरी द्यावं असं वाटत होतं आणि जवळ द्यायला काहीच नव्हतं, होती ती फक्त अक्कल, आणि तिची आज काय किंमत झाली ते त्यांनी बघितलंच होतं. तरी दारात ते वळले.

“पिशी, त्याच्यात डांबराच्या गोळ्या घालू नका, जर काळी पडते. कडुलिंबाचाच पाला ठेवा. आणि वर्षातून एकदा सावलीत उघडून—”

“कळतं रे बाबा तेवढं,” पिशी म्हणाल्या. “दोनशे वर्षं आम्हीच सांभाळलाय तो.”